माळ गळ्यातच राहू द्या, रक्ताची तपासणी मात्र उद्याच करा

पत्र

माझे सासरे ७२ वर्षांचे आहेत. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी पंढरपूरला तुळशीची माळ घातली आणि त्या दिवसापासून मटण, मासे, अंडी सगळे सोडले. सासूबाईंनीही त्यांच्याबरोबर सोडले. आमच्याकडे रविवारी तांबडा-पांढरा रस्सा होतो. त्या दिवशी या दोघांचे जेवण वेगळ्या भांड्यांत शिजते. आबांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे आणि मेटफॉर्मिन चालू आहे. पित्तासाठी पॅन्टोप्राझोलची गोळी ते चार वर्षे रोज सकाळी घेतात. दुधाने पोट फुगते म्हणून दूधही बंद आहे, फक्त दोन वेळचा चहा होतो. दिवाळीपासून त्यांना चढ चढताना दम लागतो, चेहरा फिकट-पिवळट दिसतो आणि पायांना मुंग्या येतात. फेब्रुवारीत हिमोग्लोबिन ८.४ आले. मेडिकलमधून लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडचे सिरप आणले. दोन महिन्यांत ते ९.९ झाले, म्हणून आम्ही निश्चिंत झालो. पण मुंग्या आता घोट्यांच्या वर आल्या आहेत. परवा रंकाळ्यावर फिरताना त्यांच्या एका पायातली चप्पल निसटली आणि दहा-बारा पावले पुढे गेल्यावर नातवाने सांगितले तेव्हा त्यांना कळले. दीर आणि नणंद म्हणतात की माळ उतरवा आणि रोज कलेजी व पांढरा रस्सा द्या. आबा म्हणतात, जीव गेला तरी माळ उतरणार नाही. आषाढीला त्यांना नंदवाळच्या दिंडीत चालायचे आहे. घरात रोज वाद होतो. आम्ही काय करावे?

— एक सून, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर

ताई, तुमच्या पत्रात हिमोग्लोबिनचे दोन आकडे आहेत आणि माळेवरून चाललेला वाद आहे, पण ते वाचताना मी थांबले ती चपलेच्या वाक्यापाशी. पायातली चप्पल निसटून मागे राहिली आणि दहा-बारा पावले चालूनही पायाला ते जाणवले नाही, याचा अर्थ तळपायाची संवेदना आणि आपला पाय कुठे, कसा पडतो आहे हे मेंदूला कळवणारी जाणीव, या दोन्ही क्षीण होऊ लागल्या आहेत. ही जाणीव पायाच्या नसांतून निघून पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या मागच्या भागातून वर जाते. बी-१२ जीवनसत्त्व दीर्घकाळ कमी पडले की या तंतूंवरचे आवरण झिजू लागते, आणि आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग तोल जाणे अशा क्रमाने आजार वर सरकत जातो. मुंग्या घोट्यांच्या वर आल्या आहेत असे तुम्ही लिहिले आहे, म्हणजे तो सरकतो आहे.

निदान पत्रावरून करता येत नाही आणि मी ते करतही नाही. बारा वर्षांच्या मधुमेहानेही पायांच्या नसा बिघडतात आणि त्याची लक्षणे सुरुवातीला अगदी अशीच असतात. परंतु आबांच्या बाबतीत वय, माळेनंतरचा आहार, दूध बंद असणे, मेटफॉर्मिन, पित्ताची गोळी, फिकट-पिवळट चेहरा आणि मुंग्या या सगळ्या खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात, आणि बी-१२ ची कमतरता हे यातले असे कारण आहे की जे वेळेत सापडले तर बरे करता येते. म्हणून हे उत्तर वाचून झाल्यावर घरातला वाद आहे तिथे ठेवा आणि उद्या सकाळी आबांना फिजिशियनकडे घेऊन जा. खासगी डॉक्टर परवडत नसतील तर सी.पी.आर. या आपल्या सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन विभागात दाखवा. जाताना फेब्रुवारीचा रिपोर्ट, आत्ताचा रिपोर्ट, सिरपची बाटली आणि रोजच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या. चपलेची गोष्ट डॉक्टरांना तुम्ही स्वतः सांगा, कारण वयस्कर माणसे असे काही घडले तर त्याचा उल्लेखच करत नाहीत. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का, अंधारात भिंत धरावी लागते का, हेही आबांना आजच विचारून ठेवा.

सी.बी.सी. या रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिनच्या खाली एम.सी.व्ही. असे लिहिलेला एक आकडा असतो. तो तांबड्या पेशींचा सरासरी आकार सांगतो आणि साधारण ८० ते १०० या मर्यादेत असतो. बी-१२ किंवा फॉलिक अ‍ॅसिड कमी असेल तर अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आत जिथे रक्तपेशी तयार होतात तिथे, पेशींचे विभाजन रखडते, पेशी कमी तयार होतात आणि ज्या होतात त्या आकाराने मोठ्या असतात, त्यामुळे हा आकडा शंभराच्या वर जातो. त्यांपैकी बऱ्याच पेशी मज्जेतच फुटतात आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या पिवळ्या रंगद्रव्यामुळे चेहऱ्यावर लिंबासारखी झाक येते. लोहाच्या कमतरतेत नेमके उलट होते, पेशी लहान होतात. दोन्ही कमतरता एकाच माणसात असतील तर लहान आणि मोठ्या पेशींची सरासरी निघून एम.सी.व्ही. अगदी नॉर्मल दिसू शकतो. शाकाहारी वृद्धांत हे दुर्मीळ नाही. म्हणून त्या एका आकड्यावर विसंबू नका आणि काचपट्टीवर रक्त पसरून पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगा.

त्याबरोबर रक्तातले बी-१२, फेरिटिन (लोहाचा साठा), थायरॉइड, मूत्रपिंड आणि यकृत यांच्या तपासण्या डॉक्टर सांगतीलच. बी-१२ चे रक्त शक्यतो इंजेक्शन किंवा ‘नसांची गोळी’ सुरू होण्याआधी घेतलेले असावे, कारण एकदा इंजेक्शन दिले की आकडा वर जातो आणि मग तो मूळ स्थितीबद्दल काहीच सांगत नाही. सर्वसाधारणपणे २०० पिकोग्रॅमच्या खालचा आकडा कमतरता मानतात, २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा असतो आणि त्यात होमोसिस्टीन किंवा मिथाइलमलोनिक अ‍ॅसिडची तपासणी मदत करते. मात्र रक्त काढून झाल्यावर केवळ रिपोर्टची वाट पाहत आठवडा घालवू नये. नसांची लक्षणे इतकी स्पष्ट असताना त्याच दिवशी पहिले इंजेक्शन देण्याचा निर्णय डॉक्टर घेऊ शकतात, आणि तसे त्यांना विचारण्यात संकोच करू नका.

आता त्या सिरपविषयी. तुमच्या पत्रातली दुसरी काळजीची गोष्ट हीच आहे. ८.४ चे ९.९ झाले म्हणून घर निश्चिंत झाले हे स्वाभाविक आहे, पण दुखणे याच आकड्याआड लपले असावे. फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ ही दोन्ही जीवनसत्त्वे पेशींच्या विभाजनात एकमेकांच्या हाताला हात लावून काम करतात. बी-१२ नसेल तर शरीरातले फॉलिक अ‍ॅसिड अडकून पडते आणि वापरता येत नाही. अशा वेळी बाहेरून भरपूर फॉलिक अ‍ॅसिड दिले तर ती अडचण वळसा घालून टळते, मज्जा पुन्हा पेशी तयार करू लागते आणि हिमोग्लोबिन वर चढते. नसांच्या आवरणाला मात्र बी-१२ च लागते. ते काम फॉलिक अ‍ॅसिड करू शकत नाही, त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट सुधारत असतानाच मज्जारज्जूची झीज चालू राहते. आबांच्या बाबतीत रक्त सुधारले आणि मुंग्या वाढल्या, हे तुम्हीच एका पाठोपाठ लिहिले आहे.

या दोन जीवनसत्त्वांतला फरक समजायला वैद्यकाला बराच काळ लागला आणि त्यातला एक महत्त्वाचा टप्पा आपल्या मुंबईत घडला. लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या आणि गिरणगावातल्या गरीब गरोदर बायकांना होणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने या बायका बऱ्या होतात असे त्यांना आढळले आणि १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक अ‍ॅसिड. त्याच्या थोडे आधी, १९२६ मध्ये, अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी यांनी तोवर जीवघेणा ठरणारा पर्निशियस अ‍ॅनिमिया हा रक्तक्षयाचा दुसरा प्रकार रोज भरपूर कलेजी खायला घालून बरा केला होता. त्या कामाला १९३४ चे नोबेल मिळाले, आणि कलेजीतला घटक होता बी-१२. तुमच्या दिरांच्या मनातला कलेजीचा सल्ला म्हणजे अज्ञान नव्हे. शंभर वर्षांपूर्वी मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरांनीही हाच सल्ला दिला असता. पण १९४८ मध्ये हे जीवनसत्त्व कलेजीतून शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळे काढले गेले, आणि तेव्हापासून रुग्णाला कलेजी खायला घालण्याची गरज उरली नाही.

हे दिरांना आणि नणंदेला समजावून सांगा, कारण माळ उतरवून प्रश्न सुटेलच असेही नाही. अन्नातले बी-१२ प्रथिनांना चिकटलेले असते. ते सुटे करायला जठरातले आम्ल लागते. मग जठराच्याच पेशींतून स्रवणारे इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचे प्रथिन त्याला धरून लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत नेते आणि तिथे ते रक्तात शोषले जाते. वय वाढते तसे अनेकांच्या जठराचे अस्तर विरळ होते आणि आम्ल कमी पडते. पन्नाशीपुढच्या १० ते ३० टक्के लोकांत अन्नातले बी-१२ नीट सुटे होत नसावे, असा अंदाज अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९८ मध्ये मांडला होता, आणि हे तर मांसाहार करणाऱ्या देशातले चित्र आहे. आबांच्या बाबतीत वयाच्या जोडीला पॅन्टोप्राझोल चार वर्षे आम्ल दाबून ठेवते आहे आणि मेटफॉर्मिन आतड्याच्या त्या शेवटच्या टोकाशी शोषण कमी करते आहे. अशा पोटात पांढरा रस्सा गेला तरी त्यातले किती अंगी लागेल याची खात्री कुणालाच देता येणार नाही. शिवाय आळणीच्या, म्हणजे मटण शिजवलेल्या पातळ पाण्यात मांसाच्या तुकड्याइतके बी-१२ नसते. शुद्ध स्वरूपातल्या औषधाला आम्लाची गरज नसते आणि इंजेक्शनाला पोटाचीच गरज नसते. म्हणजे माळ ठेवणारा उपायच इथे जास्त भरवशाचा आहे.

आबांच्या श्रद्धेचा मान ठेवून एक गोष्ट त्यांना तुम्ही निःशंकपणे सांगू शकता. निसर्गात बी-१२ प्राणीही तयार करत नाहीत आणि वनस्पतीही करत नाहीत. ते फक्त सूक्ष्म जिवाणू तयार करतात, आणि गाय-म्हशींना ते त्यांच्या पोटातल्या जिवाणूंकडून मिळते. कारखान्यातही ते मोठ्या टाक्यांत जिवाणू वाढवून, आंबवण्याच्या प्रक्रियेनेच बनवतात. इंजेक्शनातले किंवा गोळीतले बी-१२ मांसातून काढलेले नसते. फक्त एक काळजी घ्या. मऊ, पारदर्शक कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे असते आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून मिळते, त्यामुळे डॉक्टरांना ‘माळकरी आहेत, कॅप्सूलऐवजी साधी गोळी लिहून द्या’ असे स्पष्ट सांगा. ही मागणी रास्त आहे, आणि ती मान्य झाली नाही म्हणून वयस्कर माणसे औषध गुपचूप बाजूला ठेवून देतात हे मी अनेकदा पाहिले आहे. एकादशीच्या दिवशीही गोळी चुकवू नये.

उपचाराची पद्धत डॉक्टर ठरवतील. नसांची लक्षणे असताना सहसा सुरुवात इंजेक्शनांनी करतात, १००० मायक्रोग्रॅम रोज किंवा एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा, मग महिन्याने, असे अंतर वाढवत नेतात. पुढे बऱ्याच रुग्णांना १००० मायक्रोग्रॅमची रोजची गोळी पुरते. इतका मोठा डोस पाहून दचकू नका. शरीराची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमचीच आहे, पण शोषणाचा नेहमीचा मार्ग बिघडलेला असला तरी मोठ्या डोसातला सुमारे एक टक्का भाग आतड्यातून आपोआप झिरपतो, म्हणजे १००० मधले दहा, आणि तेवढे पुरेसे असते. जास्तीचे लघवीवाटे निघून जाते. उपचार किती दिवस, असे आबा विचारतील. त्यांचा आहार, वय आणि गोळ्या बदलणार नाहीत, म्हणून बहुधा जन्मभर असेच उत्तर येईल. बरे वाटले की औषध बंद करण्याची आपली सवय इथे फार महागात पडते, कारण यकृतातला साठा संपायला काही वर्षे लागतात आणि दुखणे परतते तेव्हा कुणाला जुना आजार आठवतही नाही. आबांनी मांसाहार सोडला तेव्हाही असेच झाले असणार. साठ्यावर काही वर्षे निघाली, दूध बंद झाले, गोळ्या वाढल्या आणि हळूहळू साठा आटला.

मेटफॉर्मिन किंवा पित्ताची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. साखर बिघडली तर नसांचे आणखी नुकसान होईल. मेटफॉर्मिन चालू ठेवून बी-१२ देता येते, आणि ही गोळी घेणाऱ्यांत लक्षणे दिसली तर बी-१२ तपासावे अशी सूचना ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२२ मध्ये डॉक्टरांना दिली आहे. पॅन्टोप्राझोल मात्र अजून खरोखर लागते का, हे जरूर विचारा. एकदा सुरू झालेली ही गोळी कुणी परत पाहिलीच नाही, असे पुष्कळ घरांत घडते. आणखी एक सांगते, रक्तक्षय असताना आणि त्यावर उपचार चालू असताना एचबीए१सी हा तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा फसवा येऊ शकतो. तो अचानक बदलला म्हणून मधुमेहाचे औषध कमी-जास्त करण्यापूर्वी डॉक्टरांना रक्तक्षयाची आठवण करून द्या.

एका बाबतीत मी तुम्हाला सावध करते. बहात्तर वर्षांच्या माणसाचा रक्तक्षय केवळ आहारामुळे आहे असे आधीच गृहीत धरू नये. फेरिटिन कमी आले, म्हणजे लोहाचा साठा संपलेला निघाला, तर या वयाच्या पुरुषात पोटातून किंवा आतड्यातून थोडे थोडे रक्त जात नाही ना हे पाहावेच लागते, आणि त्यासाठी शौचाची तपासणी आणि गरज पडल्यास दुर्बिणीची तपासणी करावी लागते. ती टाळू नका. लोहाच्या औषधाने शौच काळे होते, त्यामुळे सिरप चालू असताना हा धोका झाकला जाऊ शकतो. डांबरासारखे चिकट काळे शौच, छातीत दुखणे, बसल्या जागी दम लागणे, अचानक गोंधळल्यासारखे बोलणे, लघवीवरचा ताबा जाणे किंवा पाय एकाएकी लटके पडणे, यांतले काहीही दिसले तर उद्याची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालयात न्यावे.

खाण्यापिण्याबद्दल तुम्ही थेट विचारलेले नाही, पण घरात बीट, डाळिंब, खजूर आणि गुळाचा मारा सुरू झाला असेल असे मी समजते. आपल्या कोल्हापूरच्या गुळाचा सर्वांना अभिमान आहे, पण गुळात बी-१२ अजिबात नसते, बिटात नसते, पालकात नसते आणि मोड आलेल्या मटकीतही नसते. आंबील किंवा इडलीच्या आंबवलेल्या पिठावरही या बाबतीत विसंबता येत नाही, आणि स्पिरुलिनाच्या पुड्यांत जे असते ते बहुतांशी शरीराला न वापरता येणाऱ्या प्रकारचे असते. शिवाय आबांना मधुमेह आहे, त्यामुळे रक्तवाढीच्या नावाखाली गूळ आणि खजूर नकोतच. मटकी, पालेभाजी, नाचणी यांतून मिळणारे फॉलिक अ‍ॅसिड आणि लोह अवश्य मिळू द्या, वर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा देऊ नका, कारण चहाने लोहाचे शोषण कमी होते. फक्त ते बी-१२ च्या उपचाराला पर्याय आहेत असे समजू नका.

माळकऱ्याच्या ताटातला बी-१२ चा खरा आधार म्हणजे दूध आणि दही. शंभर मिलिलिटर दुधात साधारण ०.४ ते ०.५ मायक्रोग्रॅम बी-१२ असते, म्हणजे निरोगी पोटाच्या माणसाने दिवसभरात अर्धा लिटर दूध आणि दही मिळून घेतले तर गरजेचा मोठा भाग भागतो. पण दोन कप चहात पडणाऱ्या दुधाने काहीच साधत नाही, आणि लोण्या-तुपात ते जवळजवळ नसतेच. जिथे गंगावेशीत लोक म्हशीचे धारोष्ण दूध उभ्या उभ्या पितात आणि जिथल्या गावोगावी दूध संस्था आहेत, त्या जिल्ह्यात एका आजोबांच्या वाट्याला दूध येऊ नये याचे मला वाईट वाटते. दुधाने पोट फुगत असेल तर आबांना घट्ट दही किंवा ताज्या दह्याचे दाट ताक देऊन पाहा. विरजणात दुधातली साखर काहीशी कमी झालेली असते, त्यामुळे ते अनेकांना सोसते. धारोष्ण दूध मात्र या वयात नको. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयासारखे आजार येऊ शकतात. उकळताना बी-१२ चा थोडा भाग कमी झाला तरी चालेल, दूध उकळूनच द्या.

उपचार सुरू झाल्यावर काय दिसेल तेही सांगते, म्हणजे मध्येच धीर सुटणार नाही. पहिल्या आठवड्यातच मज्जा नव्या पेशी सोडू लागते आणि बऱ्याच जणांना भूक व उत्साह रक्ताच्या आधीच परत आल्यासारखे वाटते. हिमोग्लोबिन जागेवर यायला साधारण दोन महिने लागतात, आणि तसे झाले नाही तर लोहाची कमतरता किंवा दुसरे काही कारण शोधावे लागते. रक्तक्षय फार तीव्र असेल तर सुरुवातीच्या दिवसांत रक्तातले पोटॅशियम घसरू शकते, म्हणून डॉक्टरांनी मध्ये पुन्हा रक्त मागितले तर खर्च वाया गेला असे समजू नका. मुंग्या पहिल्या काही आठवड्यांत थोड्या वाढल्यासारख्याही वाटतात. नसा सावरायला महिने लागतात, आणि किती सावरतील हे मुख्यतः त्या किती काळ उपाशी राहिल्या यावर ठरते. सहा महिन्यांच्या आतली लक्षणे सहसा चांगली मागे हटतात, जुनी काही अंशी तशीच राहतात. आबांच्या मुंग्या दिवाळीपासूनच्या आहेत. फेब्रुवारी ते एप्रिल हे दोन महिने आपल्या हातून गेले, याबद्दल स्वतःला दोष देत बसू नका, पण पुढचा आठवडाही जाऊ देऊ नका.

तोवर आबा पडणार नाहीत याची व्यवस्था करा. रात्री खोलीपासून न्हाणीघरापर्यंत दिवा चालू ठेवा, कारण पायांची जाणीव कमी झालेला माणूस डोळ्यांच्या भरवशावर चालतो आणि अंधारात तो भरवसाही जातो. साध्या चपलेऐवजी मागे पट्टा असलेली, पायाला घट्ट बसणारी पादत्राणे द्या. मधुमेह आणि बधिरपणा एकत्र असताना लहानशी जखमही कळत नाही, म्हणून रोज संध्याकाळी तळपाय उजेडात पाहण्याचे काम नातवाला द्या. रंकाळ्यावरचे फिरणे बंद करू नका, बरोबर कुणीतरी असावे एवढेच.

नंदवाळच्या दिंडीविषयी आत्ताच हो किंवा नाही म्हणू नका. उपचार सुरू होऊन सहा ते आठ आठवडे झाल्यावर हिमोग्लोबिन किती आहे, डोळे मिटून उभे राहता येते का आणि सपाट रस्त्यावर आधाराशिवाय किती चालता येते, हे पाहून डॉक्टरांना ठरवू द्या. सगळी वाट चालता आली नाही तर शेवटचा टप्पा नातवाचा हात धरून चालता येईल. यंदा दिंडीत चालायचे असेल तर उपचार लगेच सुरू व्हायला हवेत, हे तुम्ही आबांना सांगितलेत तर ते ऐकतील असे मला वाटते. त्यांनी एकदा घेतलेला नेम अकरा वर्षे पाळला आहे. औषधाचा नेमही ते पाळतील.

आणि ताई, पत्रात एका वाक्यात सासूबाई आहेत. त्यांनीही अकरा वर्षांपूर्वीच सगळे सोडले, त्याही त्याच वेगळ्या भांड्यातले जेवतात, आणि त्यांच्या तब्येतीबद्दल पत्रात एकही शब्द नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-१२ कमी आढळले होते, आणि ते सगळे वरवर पाहता धडधाकट होते. सासूबाईंची जीभ गुळगुळीत आणि लाल झाली आहे का, तिखट लागले की झोंबते का, बोटांच्या पेरांवरची कातडी काळवंडली आहे का, विसरायला होते का, हे विचारा. बायका असे काही आपणहून सांगत नाहीत. उद्या आबांना घेऊन जाल तेव्हा सासूबाईंनाही रिक्षात बसवा आणि दोघांचेही रक्त एकाच वेळी द्या.